गळाला परवाना, जाळ्याला बेड्या : ‘समान नियम’ विरुद्ध ‘समान वाटा’

अमेरिकेच्या वायव्य टोकाला, पॅसिफिक महासागराच्या काठावर वॉशिंग्टन नावाचे राज्य आहे. (राजधानीचे वॉशिंग्टन शहर वेगळे, ते देशाच्या दुसऱ्या टोकाला.) या राज्यात छंद म्हणून मासे पकडायचे असतील तर पंधरा वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येकाला सरकारी परवाना काढावा लागतो. शुल्क भरायचे, नियमांची पुस्तिका घ्यायची, गळ आणि काठी उचलायची आणि नदीवर जायचे. नियम सर्वांना सारखाच. मग यात अन्याय कोणता, असे कोणीही विचारेल.

अन्याय असा, की याच राज्यात, याच ‘सर्वांना सारख्या’ नियमाच्या नावाखाली, हजारो वर्षे त्या नद्यांवर जगलेल्या आदिवासी जमातींच्या माणसांना पाऊणशे वर्षे पोलिसांनी पकडले, त्यांच्या होड्या आणि जाळी जप्त केली, त्यांना तुरुंगात डाबले. सुट्टीच्या दिवशी गंमत म्हणून मासे धरणारा माणूस कायदेशीर ठरला. पोटासाठी मासे धरणारा गुन्हेगार ठरला. आणि हे सर्व ‘समानते’च्या भाषेत झाले.

आम्ही हा इतिहास मुद्दाम आपल्या तरुण कार्यकर्त्यांसमोर ठेवत आहोत. कारण ‘नियम सर्वांना सारखाच हवा, कोणाला वेगळी सवलत कशाला?’ हा प्रश्न आपल्याला महाविद्यालयात, कार्यालयात, समाजमाध्यमांवर रोज विचारला जातो. त्याला उत्तर देताना आपण पुष्कळदा बचावात जातो. वॉशिंग्टनच्या नदीकाठच्या लोकांनी हाच प्रश्न वीस वर्षे रस्त्यावर आणि न्यायालयात लढवला आणि जिंकला. ते कसे जिंकले, हे समजून घेतले पाहिजे.

करार : कोणी कोणाला काय दिले?

१८५४ सालच्या डिसेंबर महिन्यात वॉशिंग्टन प्रदेशाचा गव्हर्नर आयझॅक स्टीव्हन्स याने निस्क्वाली, पुयालप आणि आसपासच्या इतर जमातींच्या प्रमुखांना एका ओढ्याकाठी बोलावले. २६ डिसेंबर १८५४ रोजी तिथे जो करार झाला तो ‘मेडिसिन क्रीकचा करार’ म्हणून ओळखला जातो. गोऱ्या वसाहतवाल्यांना जमीन हवी होती. या एका करारात जमातींकडून सुमारे बावीस लाख एकर जमीन घेण्यात आली आणि मोबदला ठरला साडेबत्तीस हजार डॉलर, तोही हप्त्याहप्त्याने. बोलणी झाली चिनूक जार्गन नावाच्या बाजारी भाषेत. ही भाषा काही शे शब्दांची, देवघेवीपुरती. मालकी, सार्वभौमत्व, कायमचा त्याग असल्या कल्पना त्या भाषेत सांगणार कशा? प्रमुखांनी सह्यांच्या जागी फुल्या मारल्या. पुढच्या दोन वर्षांत आणखी काही जमातींशी असेच करार झाले.

एवढे सगळे सोडताना या लोकांनी एक गोष्ट मात्र सोडली नाही. आमच्या नेहमीच्या, वहिवाटीच्या सर्व जागी मासे धरण्याचा हक्क आमचाच राहील, असे कलम त्यांनी करारात घालून घेतले. त्या कलमात पुढे असे होते, की हा हक्क ते प्रदेशातील इतर नागरिकांच्या ‘बरोबरीने’ भोगतील. हा ‘बरोबरीने’ शब्द वाचकांनी लक्षात ठेवावा. पुढची सव्वाशे वर्षे सगळा झगडा या एका शब्दाच्या अर्थावर झाला.

निस्क्वालींचा नेता लेशाय याला हा करार मान्य नव्हता. संघर्ष पेटला आणि १८५८ मध्ये त्याला खुनाच्या आरोपाखाली फाशी देण्यात आले. २००४ मध्ये राज्याच्या न्यायाधीशांनी भरवलेल्या ऐतिहासिक न्यायालयाने, युद्धातील कृत्यासाठी त्याच्यावर असा खटला चालवायलाच नको होता, असे म्हणून त्याला दोषमुक्त केले. फाशी ताबडतोब, न्याय एकशे सेहेचाळीस वर्षांनी.

परवान्याचे पहिले रूप : हाकलण्याचे हत्यार

१८८९ मध्ये वॉशिंग्टन हे पूर्ण राज्य झाले आणि राज्य सरकार परवाने वाटू लागले. कोलंबिया नदीवर विनान्स नावाच्या भावांनी जमीन घेतली आणि राज्याच्या परवान्यावर ‘मासेचक्र’ बसवले. मासेचक्र म्हणजे प्रवाहाच्या जोराने फिरणारे मोठे चाक. त्याला लावलेल्या जाळ्यांत वर चढणारे सॅल्मन मासे आपोआप उपसले जातात. त्यांनी याकामा जमातीच्या लोकांना नदीवर यायला बंदी केली. जमीन आमची, परवाना आमच्याकडे, तुम्ही कोण?

हे प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९०५ मध्ये निकाल लागला. न्यायालयाने जे तत्त्व मांडले ते प्रत्येक आंबेडकरी कार्यकर्त्याने पाठ करावे असे आहे. करार म्हणजे सरकारने आदिवासींना दिलेले हक्क नव्हेत. उलट, आदिवासींनी सरकारला दिलेले हक्क म्हणजे करार. जे त्यांनी दिले नाही, ते त्यांच्याकडे राखलेले आहे. राज्याचा परवाना हातात आहे म्हणून विनान्स भावांना याकामांना हाकलता येणार नाही.

‘राखीव’ या शब्दाचा खरा अर्थ इथे उलगडतो. राखीव म्हणजे वरच्याने खालच्याला मेहेरबानी म्हणून बाजूला काढून ठेवलेला तुकडा, असे आपल्याला शिकवले जाते. इथे न्यायालय सांगते, की राखणारा तो, ज्याचे मुळात सगळेच होते.

छंदवाल्यांची नदी

निकाल कागदावर राहिला. विसाव्या शतकात नदीवर एक नवा वर्ग आला, हौशी मच्छीमारांचा. शहरात नोकरी-धंदा करणारा, सुट्टीत काठी घेऊन नदीवर येणारा, संघटित आणि विधिमंडळात वजन असलेला. त्याचा आवडता मासा स्टीलहेड. हा समुद्रात जाऊन नदीत परत येणारा आणि गळाला लागल्यावर जोरदार झुंज देणारा मासा. १९२५ मध्ये राज्याने स्टीलहेडला ‘क्रीडामासा’ ठरवले. म्हणजे तो गळानेच धरायचा. जाळे लावायचे नाही, बाजारात विकायचा नाही. निस्क्वाली आणि पुयालप लोकांसाठी हिवाळ्यात नदीत येणारा तोच मासा घरचे अन्न आणि हातचा पैसा होता. एका कायद्याने अन्नाचा खेळ झाला.

पुढे १९३२ च्या जनमतानंतर राज्यात शिकार आणि क्रीडामासेमारीचे स्वतंत्र खाते झाले. हे खाते चालायचे मुख्यतः परवान्याच्या शुल्कावर. सगळ्या प्रकरणाची किल्ली इथे आहे. ज्या खात्याचे पगार हौशी लोकांच्या परवान्यातून निघतात, ते खाते नदी कोणाची मानणार? शुल्क भरणारा तो मालक, जाळे लावणारा तो चोर. यासाठी एकेका अधिकाऱ्याने दुष्ट असण्याची गरज नव्हती, रचनाच तशी होती. जातिव्यवस्थेबद्दल आपण हेच सांगत आलो आहोत. माणसे वाईट की चांगली हा प्रश्न दुय्यम असतो, व्यवस्था कोणाच्या पैशावर आणि कोणाच्या सोयीसाठी उभी आहे हे आधी पाहावे लागते.

याकामा जमातीचे सॅम्पसन टुली यांनी परवाना न काढता जाळ्याने सॅल्मन धरले आणि राज्याने त्यांना दोषी ठरवले. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. मार्च १९४२ मध्ये न्यायालयाने निकाल दिला, की मासे टिकावेत म्हणून आवश्यक तेवढे नियम राज्य करू शकते, पण करारातील हक्क बजावण्यासाठी आदिवासी माणसाकडून परवान्याचे शुल्क मागू शकत नाही. जो हक्क पूर्वजांनी राखून ठेवला, तोच वापरण्यासाठी पैसे मागणे म्हणजे आपल्याच घरात शिरताना भाडे भरण्यासारखे आहे.

राज्याने या निकालातून शुल्काचा भाग सोडून दिला आणि ‘मासे टिकावेत म्हणून नियम’ हा भाग तेवढा उचलला. इथून पुढची अटकसत्रे संवर्धनाच्या नावाने झाली.

संवर्धनाचे ओझे कोणाच्या पाठीवर?

सॅल्मन नदीत जन्मतो, समुद्रात वाढतो आणि अंडी घालायला आपल्याच नदीत परत येतो. परतीच्या वाटेवर आधी समुद्रातल्या मोठ्या होड्या त्याला गाठतात, मग खाडीतली व्यापारी जाळी, मग नदीच्या मुखाशी हौशी मच्छीमार. यातून वाचलेला मासा वर नदीत येतो तेव्हा तिथे आदिवासींचे जाळे असते. रांगेत शेवटचा माणूस तो. सरकार काय म्हणते? मासे कमी झाले आहेत, म्हणून शेवटच्याने जाळे काढावे.

मासे कमी झाले कशाने? डबाबंद माशांच्या कारखान्यांनी, डोंगर बोडके करणाऱ्या लाकूडकंपन्यांनी, धरणांनी. १९५७ च्या मार्च महिन्यात कोलंबिया नदीवरील डॅल्स धरणाचे दरवाजे बंद झाले आणि सेलायलो धबधबा काही तासांत पाण्याखाली गेला. हजारो वर्षे जिथे अनेक जमाती मासे धरायला आणि देवघेव करायला जमत, ती जागा बुडाली. धरणाला परवाना मिळाला, झोळीजाळ्याला मिळाला नाही. नदी संपवणारा विकासपुरुष ठरतो आणि नदीवर जगणारा पर्यावरणाचा शत्रू ठरतो. ही भाषा आपल्या ओळखीची आहे.

जाळे टाकण्याचा सत्याग्रह

निस्क्वाली नदीकाठी फ्रँक कुटुंबाची सहा एकर जागा होती. या कुटुंबातला बिली फ्रँक १९४५ साली, वयाच्या चौदाव्या वर्षी, पहिल्यांदा पकडला गेला. रात्री आपल्याच नदीवर जाळे काढत होता, एवढाच गुन्हा. पुढच्या आयुष्यात त्याला पन्नासहून अधिक वेळा अटक झाली.

१९६० च्या दशकात दक्षिणेकडील राज्यांत काळे विद्यार्थी गोऱ्यांसाठी राखलेल्या उपाहारगृहांत जाऊन बसत होते. मागायचे नाही, अर्ज करायचा नाही, जाऊन बसायचे. नदीकाठच्या लोकांनी तोच मार्ग उचलला. ते उघडपणे, दिवसाढवळ्या, पत्रकारांसमोर जाळे टाकू लागले. १९६४ मध्ये त्यांनी आपली संघटना उभी केली. हँक ॲडम्स हा तरुण तिचा लेखणी आणि डावपेच सांभाळणारा, तर जेनेट मॅक्लाउड या तिच्या आघाडीच्या नेत्या. या लढ्यात स्त्रिया मागे नव्हत्या. पुरुष तुरुंगात गेले की होडी त्या हाकत. २ मार्च १९६४ रोजी नट मार्लन ब्रँडो पुयालप नदीवर त्यांच्याबरोबर उतरला आणि पकडला गेला. देशभर बातमी झाली. सरकारने त्याला लगेच सोडले. प्रसिद्ध गोऱ्या नटाला कोठडीत ठेवणे परवडणारे नव्हते.

आम्हाला मात्र त्याहून मोठा वाटतो तो डिक ग्रेगरी. हा काळा विनोदकार १९६६ मध्ये निस्क्वाली नदीवर आला, त्याने जाळे टाकले, त्याच्यावर खटला झाला आणि १९६८ मध्ये तो त्यासाठी तुरुंगात गेला. तिथे त्याने उपोषण केले. दुसऱ्याच्या हक्कासाठी तुरुंगवास पत्करणे म्हणजे काय, हे शोषितांच्या एकजुटीवर भाषणे देणाऱ्या आपण सर्वांनी त्याच्याकडून शिकावे.

९ सप्टेंबर १९७० रोजी टॅकोमा शहराजवळ पुयालप नदीकाठच्या आदिवासी तळावर पोलिसांनी अश्रुधूर सोडला, लाठ्या चालवल्या आणि सुमारे साठ जणांना पकडले. केंद्र सरकारचा तिथला वकील स्टॅन पिटकिन हे डोळ्यांनी पाहत होता. अश्रुधूर त्यालाही लागला. काही दिवसांतच त्याने जमातींच्या वतीने वॉशिंग्टन राज्याविरुद्ध दावा दाखल केला.

‘बरोबरीने’ म्हणजे काय?

दावा चालू असतानाच, १९७३ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने पुयालपच्या एका प्रकरणात राज्याचे सोंग उघडे पाडले. राज्याचा नियम वरवर सर्वांना सारखा होता: स्टीलहेडसाठी जाळे कोणीच लावायचे नाही, गळाने कोणीही धरावा. न्यायालयाने म्हटले, की जाळ्याने धरतात फक्त आदिवासी आणि गळाची मासेमारी पूर्णपणे गोऱ्या हौशींच्या ताब्यात आहे. तेव्हा हा नियम म्हणजे भेदभावच आहे. नियमात ‘आदिवासी’ हा शब्द कुठेही नव्हता. तरी भेदभाव होता. गुणवत्तेच्या अटी, मुलाखतीतले गुण, घर भाड्याने देताना विचारलेला ‘फक्त शाकाहारी’ हा प्रश्न, यांत तरी कुठे ‘जात’ हा शब्द असतो?

मुख्य दाव्याचा निकाल १२ फेब्रुवारी १९७४ रोजी न्यायाधीश जॉर्ज बोल्ट यांनी दिला. बोल्ट हे क्रांतिकारक नव्हते, कडक आणि पुराणमतवादी म्हणून प्रसिद्ध होते. त्यांनी जमातींच्या वृद्धांच्या साक्षी ऐकल्या, कराराची कागदपत्रे तपासली आणि त्या एका शब्दाचा अर्थ लावला.

राज्याचे म्हणणे असे, की ‘इतर नागरिकांच्या बरोबरीने’ म्हणजे इतर नागरिकांसारखेच. तेही रांगेत उभे राहतात, तुम्हीही राहा. ते परवाना काढतात, तुम्हीही काढा.

बोल्ट यांनी सांगितले, की बरोबरीने म्हणजे वाटेकरी म्हणून. करार झाला तो दोन पक्षांत, एक जमाती आणि दुसरा नागरिक. म्हणून पकडण्याजोग्या माशांत जमातींचा वाटा पन्नास टक्के. शिवाय आपल्या लोकांच्या मासेमारीचे नियमन जमाती स्वतः करतील आणि नदीचे व्यवस्थापन राज्य आणि जमाती मिळून पाहतील.

समान नियम आणि समान वाटा यांतला फरक तो हाच. समान नियम म्हणतो, रांगेत सगळे सारखे. समान वाटा विचारतो, रांग सुरू कुठून झाली, तिच्या तोंडाशी कोण उभा आहे आणि मागे कोणाला ढकलले आहे. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी दिलेला इशारा हाच होता, की राजकारणात एक व्यक्ती एक मत मिळेल, पण सामाजिक आणि आर्थिक जीवनात विषमता कायम राहिली तर हा विरोधाभास लोकशाहीच उद्ध्वस्त करील. मत हा समान नियम झाला. वाटा मिळायचा आहे.

निकालानंतर काय झाले, तेही पाहा. बोल्ट यांच्या प्रतिमेला फाशी देण्यात आली. राज्याच्या अधिकाऱ्यांनी अंमलबजावणी टाळली, मच्छीमारांनी उघड उल्लंघन केले, शेवटी न्यायालयाला स्वतः मासेमारीचे नियंत्रण हाती घ्यावे लागले. २ जुलै १९७९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल मुख्यतः कायम केला. पन्नास टक्के ही कमाल मर्यादा मानली आणि नोंदवले, की शाळांतील वंशभेद हटवण्याची काही प्रकरणे सोडली तर या शतकात न्यायालयाच्या आदेशाला एवढा संघटित विरोध झालेला नाही. १९८४ मध्ये राज्यात जनमत घेऊन या हक्कांविरुद्ध ठराव मंजूर करण्यात आला. घोषणा कोणती होती? वंशाच्या आधारावर कोणालाही खास हक्क नकोत, सर्वांना समान हक्क हवेत! ज्यांनी शतकभर वंशाच्या आधारावर लुटले, त्यांना वाटा द्यायची वेळ येताच वंश दिसेनासा झाला. आपल्याकडे जात दिसेनाशी होते ती अगदी याच क्षणी.

हक्कांचे रक्षण नुसता कायदा करत नाही, समाजाची सदसद्विवेकबुद्धी करते, असे बाबासाहेबांनी १९४३ च्या रानडे व्याख्यानात बजावले होते. वॉशिंग्टनमध्ये त्याचा पडताळा आला. आणि जिथे समाजाची सदसद्विवेकबुद्धी झोपलेली असते, तिथे संघटना जागी ठेवावी लागते, हेही दिसले. जमातींनी निकालानंतर लगेच स्वतःचा संयुक्त मासेमारी आयोग उभा केला. ज्याला पन्नास वेळा पकडले तो बिली फ्रँक सुमारे तीस वर्षे त्याचा अध्यक्ष होता. आज जमातीचा माणूस मासे धरतो तो आपल्या जमातीने दिलेले ओळखपत्र खिशात ठेवून, जमातीने केलेल्या नियमांनुसार. कागद आजही आहे, नियमही आहेत, पण ते आपल्या लोकांनी केलेले आहेत. २०१८ मध्ये तर या हक्काची पुढची पायरी गाठली गेली. रस्त्यांखालच्या ज्या मोऱ्यांमुळे माशांची वाट अडते, त्या राज्याने दुरुस्त केल्या पाहिजेत, हा आदेश सर्वोच्च न्यायालयात कायम राहिला. मासे धरण्याचा हक्क आहे, तर नदीत मासे असण्याचाही हक्क आहे.

साहेबाचा गळ आणि आपली तळी

हा प्रकार अमेरिकेपुरता नाही. आपल्याकडे इंग्रज साहेबांनी महसीर माशाला गळाच्या खेळाचा राजा केले. त्यावर एच. एस. थॉमस या सनदी अधिकाऱ्याने १८७३ मध्ये आख्खे पुस्तक लिहिले. निलगिरीच्या थंड ओढ्यांत साहेबांच्या हौसेसाठी बाहेरचे मासे आणून सोडण्याचे प्रयोग झाले आणि १८७९ च्या निलगिरी कायद्याने शिकारीच्या प्राण्यांबरोबर या आणून सोडलेल्या माशांनाही संरक्षण दिले. १८९७ च्या भारतीय मत्स्य कायद्याने सुरुंग लावून आणि पाण्यात विष कालवून मासे मारणे गुन्हा ठरवले. सुरुंगाबद्दल वाद नाही. पण झाडपाल्याचा रस ओढ्यात कालवून मासे गुंगवण्याची आदिवासींची जुनी रीतही त्याच कलमाच्या कचाट्यात आली. १९२७ च्या वन कायद्याने राखीव जंगलात सरकारी नियमांविरुद्ध मासे धरणे हा गुन्हा केला. इथे पुन्हा तोच शब्द: राखीव. पण राखणारा सरकार, आणि ज्यांच्यापासून राखले ते तिथेच पिढ्यान्‌पिढ्या राहणारे.

स्वातंत्र्यानंतर? महाराष्ट्र आणि मध्य प्रदेशच्या सीमेवर पेंच नदीवर तोतलाडोह धरण झाले. जलाशय राष्ट्रीय उद्यानात गेला. उद्यानाच्या जागेतून उठवलेल्या ३०५ आदिवासी कुटुंबांना मध्य प्रदेश सरकारने मासेमारीचे परवाने दिले, तर त्याविरुद्ध एक पर्यावरणवादी संस्था सर्वोच्च न्यायालयात गेली. ५ मार्च १९९७ च्या निकालात न्यायालयाने आदिवासींच्या उपजीविकेचाही विचार झाला पाहिजे असे म्हणत परवाने टिकू दिले, पण अटींसह: छायाचित्राचे ओळखपत्र, ठरलेल्या रस्त्यानेच ये-जा, काठावर चूल पेटवायची नाही, रोजच्या मासळीची नोंद. ज्यांचे गाव आणि रान गेले, त्यांनी छायाचित्र दाखवून पाण्यापर्यंत जायचे. पर्यटक त्याच उद्यानात जिप्सीत बसून फिरतो.

महाड आणि ‘राखीव’

आता महाडकडे या. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई विधिमंडळात रावबहादूर बोले यांचा ठराव मंजूर झाला, महाड नगरपालिकेने चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. कागदावर हक्क होता. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारो लोकांसह तळ्यावर गेले तेव्हा त्यांनी कोणाकडे परवानगीचा अर्ज केला नव्हता. हक्क होता, तो बजावला. त्यानंतर सवर्णांनी दिवाणी दावा लावला, तेव्हा त्यांचे म्हणणे काय होते? तळे सार्वजनिक नाहीच, खासगी आहे! पाणी कोणाचे, हाच तो प्रश्न. मुंबई उच्च न्यायालयाने १७ मार्च १९३७ रोजी बाबासाहेबांच्या बाजूने निकाल दिला.

दोन्ही लढे एकसारखे नाहीत, हे मान्य केले पाहिजे. निस्क्वालींना आपले पाणी आपल्याकडे टिकवायचे होते. आपल्याला सर्वांच्या पाण्यावर सर्वांसारखे जायचे होते. त्यांच्या हाती करार होता. आपल्या हाती पुढे संविधान आले आणि त्यातील कलम १५ ने तळी, विहिरी आणि घाट सर्वांना खुले केले. पण दोन्हीकडे मूळ गोष्ट एकच. ज्याने बळकावले त्याच्याकडे परवानगी मागितली, की त्याची मालकी आपण कबूल करतो.

करार आपल्याकडेही झाला होता. २४ सप्टेंबर १९३२ च्या पुणे कराराने स्वतंत्र मतदारसंघ आपल्याकडून सोडवून घेतले गेले. त्या बदल्यात प्रांतिक विधिमंडळांत १४८ राखीव जागा आल्या. म्हणजे राजकीय राखीव जागा ही कोणाची मेहेरबानी नाही. आपण जे सोडले, त्याच्या बदल्यातले ते देणे आहे. १९०५ चा तो निकाल जे म्हणतो, तेच इथे लागू पडते: आधी विचारा, कोणी कोणाला काय दिले? हा प्रश्न विचारला की ‘सवलत’ हा शब्द गळून पडतो.

आपल्या भागातल्या कार्यकर्त्यांसाठी यातून थेट काम निघते. २००६ च्या वनहक्क कायद्यातील कलम ३(१)(ड) नुसार जंगलातील जलाशयांतल्या माशांवर सामूहिक हक्काचा दावा करता येतो. १९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातील लहान पाणवठ्यांचे नियोजन पंचायतींकडे सोपवले आहे. किती गावांच्या सामूहिक दाव्यात तळ्याचा आणि नदीच्या डोहाचा उल्लेख आहे? तालुक्यातल्या तलावाचा ठेका कोणाच्या नावावर आहे, आणि प्रत्यक्ष जाळे कोण ओढतो? कातकरी, ढिवर, भोई कुटुंबांना तिथे सभासद म्हणून स्थान आहे की मजूर म्हणून? हे प्रश्न ग्रामसभेत लेखी विचारा. ठेक्याची कागदपत्रे मागवा. दावा करताना डोहाचे नाव, तिथली रीत आणि जुन्या माणसांची साक्ष नोंदवा. बोल्ट यांच्यासमोर वृद्धांच्या साक्षींनी जे केले, ते आपल्या आजी-आजोबांच्या साक्षीही करू शकतात.

नियम नको, असे आम्ही म्हणत नाही. मासा टिकला पाहिजे, अंडी घालण्याच्या दिवसांत जाळे बंद राहिले पाहिजे, हे नदीवर जगणाऱ्याला सरकारने शिकवण्याची गरज नाही. आमचे म्हणणे एवढेच, की नियम करणाऱ्यांत वाटेकरी म्हणून आम्ही बसलेले असू. तोवर ‘नियम सर्वांना सारखा’ असे कोणी म्हणाले, की शांतपणे विचारा: आणि वाटा?

जय भीम!